बिनबेंबीचा देव

पटाशी हातातून सुटून थेट पायावर पडली आणि तरीही कोरक्या ओरडला नाही. एरवी बोटात कुसळ गेलं तरी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस. त्यावरूनच समजा, त्यानं काय ऐकलं असेल.

सुरुवात तशी साधी झाली होती. इस्पितळातल्या प्रार्थनेच्या खोलीसाठी त्याच्याकडे क्रूसावरचा येशू करायला दिला होता आणि काम कुठवर आलंय ते बघायला नवे फादर सकाळी कारखान्यात आले होते. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक लांब बाक, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि घोट्यापर्यंत ढलप्या. बाकावर येशू आडवा झोपला होता. हात अजून जोडायचे होते. फादरांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितलं.

"काका, याची बेंबी कुठाय?"

"बेंबी?"

"हो. करायची राहिलीय का?"

कोरक्याला हसू आलं. हे फादर वयानं त्याच्या लेकीएवढे, येऊन जेमतेम चार महिने झालेले. पोराला अजून बरंच शिकायचंय, असं त्याच्या मनात आलं. "राहिली नाही फादर. नसतेच ती. देवाला कसली बेंबी?"

फादर त्याच्याकडे बघतच राहिले. चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आजवर किती केलेत असे?"

"एकेचाळीस. हा बेचाळिसावा," कोरक्या छाती पुढे काढून म्हणाला. चाळीस वर्षं तो लाकूड कोरत होता, म्हणूनच लोकांनी त्याला कोरक्या केलं होतं. त्याच्या हातचा येशू नाही असं आसपास एकही चर्च नव्हतं.

"आपल्या वेदीवरचा?"

"तोही माझाच."

"आणि त्यालाही नाही?"

"एकालाही नाही."

फादर फळ्यांच्या चवडीवर मटकन बसले. पांढऱ्या झग्याला भुसा लागला. "मग इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्यात नवल काही नव्हतं. क्रूस उंच टांगलेले असतात, खालून बघणाऱ्याला गुडघे दिसतात आणि वर फार तर हनुवटी. कोरक्या कमरेचं वस्त्रही जरा वरच बांधायचा. हा एकच येशू असा होता की तो हाताच्या उंचीवर लागणार होता, चाकांच्या खुर्चीतून आलेल्या माणसालाही त्याला हात लावता यावा म्हणून. ती फादरांचीच कल्पना होती.

"काका," फादर हळू आवाजात म्हणाले, "तो माणसाचं सोंग घेऊन आला नव्हता हो."

"पण देव होता ना?"

"होता. पुरता देव. आणि पुरता माणूस. अर्धा हा, अर्धा तो, असं नाही. वरून कातडं पांघरलेलं आणि आत नुसता उजेड, असंही नाही. नऊ महिने आईच्या पोटात राहिला. नाळेतून तिचंच खाल्लं. जन्मला तेव्हा ती नाळ कुणीतरी कापली असेल, बांधली असेल. त्याला भूक लागली, झोप आली, तो रडला. देवानं आपल्यासाठी एवढं केलं, यावर तर आपलं सगळं उभं आहे. ज्याला बेंबी नाही तो जन्मलाच नाही, काका. आणि जो जन्मलाच नाही, तो मेला तरी कसा?"

तेव्हा पटाशी पडली.

फादरांना वाटलं, म्हाताऱ्याला आपलं बोलणं लागलं. त्यांनी माफी मागितली, पायाकडे बघा म्हणाले, संध्याकाळी पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. कोरक्या जागचा हलला नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धर्मात चूक झाली म्हणून नव्हे. धर्माचं काय, फादर बघून घेतील. त्याला त्याची लेक आठवली होती.

आई गेल्यावर ही पोर याच कारखान्यात भुशात खेळून वाढली होती. सहा वर्षांची असताना एकदा तिनं बाकावरच्या येशूच्या पोटावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाबा, याला बेंबी का नाही?" आणि कोरक्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "देवाला बेंबी नसते बाळा. तो कुणाच्या पोटातून थोडाच येतो?" पोरीनं फ्रॉक वर करून आपली बेंबी बघितली होती आणि गप्प झाली होती.

पुढे ती इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर झाली. लग्न झालं. सात महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली आणि चार दिवसांनी गेली. कोरक्यानं पेटी केली. गुळगुळीत, एकही खिळा न मारता, कोपऱ्यात खाचा एकमेकांत गुंतवून. पुरायच्या वेळी सगळे प्रार्थना म्हणत असताना लेक अचानक मोठ्यानं म्हणाली होती, "कुणाला सांगताय? ज्याला आईचं पोट माहीत नाही त्याला? त्याला काय कळणार आहे?"

सगळे सुन्न झाले होते. आणि कोरक्यानं, मेल्यानं, तिची समजूत घालायची म्हणून काय म्हणावं? म्हणाला, "असं बोलू नये. देव वेगळा, आपण वेगळे. त्याला आपल्यासारखं दुखत-खुपत नाही, म्हणून तर तो देव."

लेकीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. सात महिने. तो तिच्या घरी गेला की ती मागच्या दारानं कामावर जायची. जावई बिचारा पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचा.

आता कोरक्यानं काय केलं असेल? त्यानं सदरा वर केला आणि स्वतःची बेंबी बघितली. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच इतकं निरखून. मग तो कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे वळला.

हा प्लास्टरचा पुतळा म्हणजे कारखान्याचं दैवत. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं मानेपासून मांड्यांपर्यंतचं धड. ज्याच्या हाताखाली कोरक्या हे काम शिकला, त्या उस्तादानं तो कधीकाळी एका पडलेल्या चर्चच्या भंगारातून उचलून आणला होता. छाती, पोट, बरगड्या, सगळी मापं त्याच्यावरून घ्यायची, अशी शिस्त. त्याच्या उजव्या कुशीत भाल्याची जखम होती, म्हणून तो येशू. त्याला बेंबी नव्हती, म्हणून येशूला बेंबी नाही. पोरसवदा असताना कोरक्यानंही उस्तादाला विचारलं होतं, आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. "देवाला कसली बेंबी रे गाढवा?" झालं. तोच धपाटा त्यानं गोड करून लेकीला दिला.

तो पुतळ्यापुढे उकिडवा बसला. चाळीस वर्षं त्यानं या अंगावर पट्टी आणि कंपास लावला होता, पण आज पहिल्यांदाच ती जखम नीट बघितली. भाला आत घुसला की मांस फाटतं. इथं काही फाटलेलं नव्हतं. बरगडीच्या कडेकडेनं वाकत गेलेली एक बारीक रेघ होती, नीट मिटलेली, जणू कुणी हलक्या हातानं काहीतरी काढून घेऊन परत बंद केलंय.

तो आणखी खाली वाकला.

कमरेचं वस्त्र पुतळ्याच्या मूळ अंगाचं नव्हतं. ते उस्तादानं नंतर थापलं होतं. प्लास्टरचा रंगच सांगत होता. कोरक्यानं पातळ पटाशी घेतली आणि वस्त्राच्या कडेला लावून हलकेच टोला दिला. दुसऱ्या टोल्याला अख्खं ढेकूळ निघून हातात आलं. खाली पान होतं. चांगलं हाताच्या पंजाएवढं, शिरा काढलेलं, देठासकट पान.

पान नेसलेला, बरगडी काढलेला, बेंबी नसलेला माणूस. रविवारच्या शाळेतल्या शेंबड्या पोरालाही उत्तर आलं असतं. आदाम! जो कुणाच्याच पोटातून आला नाही, ज्याला देवानं मातीचा केला आणि ज्याची बरगडी काढून त्याची बायको घडवली, तो आदाम. एकेचाळीस क्रूसांवर कोरक्यानं आदाम टांगला होता. लोकांनी त्याच्यापुढे गुडघे टेकले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या की नव्हत्या? लावल्या होत्या. आणि लेकीला त्यानं या आदामाच्या भरवशावर सांगितलं होतं की देवाला आईचं पोट माहीत नाही.

तसाच कोरक्या उठला आणि इस्पितळाकडे निघाला. कारखान्याला कुलूप लावायचंही त्याला सुचलं नाही.

बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर पाच-सहा पोटुशा बाया कागद हातात धरून बसल्या होत्या. फिनेलचा वास होता आणि आत कुठेतरी एक बाळ बेंबीच्या देठापासून रडत होतं. लेक हातात औषधांचा ट्रे घेऊन दारातून बाहेर आली आणि बापाला बघून थबकली.

काय काय बोलायचं ते कोरक्यानं रस्ताभर जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"त्याला बेंबी होती!" तो सगळ्या बायांसमोर म्हणाला.

बाकड्यावरची एक बाई हसायला लागली. लेकीनं ट्रे शेजारच्या सिस्टरच्या हातात दिला, बापाचं मनगट धरलं आणि त्याला चादरी ठेवायच्या खोलीत ओढत नेलं.

"काय तमाशा लावलाय? कुणाला बेंबी होती?"

"येशूला."

सात महिन्यांत ती बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, हे त्याच्या ध्यानात आलं, पण आनंद व्हायलाही त्याला सवड नव्हती. तो भडाभडा सांगत सुटला. फादर, पोट, पान, बरगडी, उस्तादाचा धपाटा. लेक ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ती खाली बघत होती.

"बसा," ती मध्येच म्हणाली.

"अगं, पुढचं ऐक..."

"रक्त येतंय पायातून. सगळ्या व्हरांड्यात ठसे उमटवत आलात. बसा म्हणते ना!"

तो चादरींच्या गठ्ठ्यावर बसला. तिनं चप्पल काढली, कापसानं पाय पुसला, जखमेवर औषध ओतलं. त्याला झोंबलं, पण या वेळीही तो ओरडला नाही. तिचे हात सराईतपणे पट्टी गुंडाळत होते, आणि तिची मान खालीच होती.

"म्हणजे ते खोटं होतं," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं. खरंच माहीत नव्हतं."

"मी सहा वर्षांची होते, बाबा." तिनं पट्टीला गाठ मारली. जरा जास्तच आवळून. "इथं हजारभर नाळा कापल्या असतील मी. प्रत्येक वेळी मनात यायचं, हे रक्त, हे ओरडणं, हे सगळं बायांचं आपलं आपण निस्तरायचं. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो वरचा. आणि माझी पोर काचेच्या पेटीत पडली होती, तेव्हा चार दिवस मी तिथं उभी होते. एकदाही हाक मारली नाही त्याला. का मारू? तुम्हीच सांगितलं होतंत ना, तो कुणाच्या पोटातून आलेला नाही!"

आवाज चढला होता. बाहेरचं हसणं थांबलं.

"एकटं पाडलंत तुम्ही मला. त्या कसल्या मेल्या पुतळ्यापायी एकटं पाडलंत!"

बरोबरच होतं तिचं. त्याला हात जोडावेसे वाटले, पण बापानं लेकीपुढे हात कसे जोडायचे तेही त्याला येत नव्हतं.

"मला ती करायचीय," शेवटी तो म्हणाला. "बेंबी. हा येशू तुमच्याच इथं लागणार आहे, खालच्या खोलीत. पण मला करता येत नाही. आयुष्यात कधी केलीच नाही. तुला ठाऊक आहे कशी असते. तू सांग."

ती उठली. हात धुतले. बराच वेळ धुतले.

"माझी ड्युटी तीनला संपते," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

सव्वातीनला ती कारखान्यात आली. सात महिन्यांनी. दारातच पायाखाली ढलप्या वाजल्या आणि ती क्षणभर थांबली. कोपऱ्यातला आदाम पान नेसून उघडा उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कोऱ्या पोटाकडे बघितलं. "हाच का तो?" म्हणाली आणि पाठ फिरवली.

बाकावरच्या येशूजवळ कोरक्यानं तिच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. गोल पटाशा लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं मांडल्या होत्या. परीक्षेला बसल्यासारखा तो उभा होता.

"कुठं?" त्यानं विचारलं.

तिनं लाकडाच्या पोटावर हात ठेवला, बरगड्या संपतात तिथून खाली बोटं मोजली आणि एका जागी पेन्सिलीनं खूण केली. "इथं."

"किती खोल?"

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं. नाळ कशी सुकते त्यावर. कुणाची आत जाते, कुणाची वर राहते. आईचं आणि बाळाचं तुटलं तिथला वणच तो, दुसरं काय?"

कोरक्यानं पटाशी उचलली, खुणेवर ठेवली आणि पुन्हा खाली घेतली. सात महिने जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"आपल्या पोरीची कशी होती?"

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला.

"तिची झालीच नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नाळ सुकून पडायला आठवडा लागतो, बाबा. दहा दिवससुद्धा. ती पडली की मग बेंबी होते. तिला चारच दिवस मिळाले. चिमटा लावलेला तुकडा तसाच होता पोटावर, माझ्याच अंगाचा. तसाच तिच्याबरोबर गेला." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही पेटी फार सुंदर केली होतीत. पण आत बघितलं नाहीत."

कोरक्याला खाली बसावं लागलं. खरंच नव्हतं बघितलं. तो झाकण हातात घेऊन उभा होता, आणि लोकांनी पेटीत काय ठेवलं ते न बघता त्यानं डोळे मिटून झाकण लावलं होतं. झाकण नीट बसलं म्हणून त्याला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं. हे आठवलं आणि तो ढसाढसा रडला. भुशानं भरलेल्या हातांनी तोंड झाकून रडला. लेकीनं त्याला उगी केलं नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली, आणि तो थांबल्यावर तिनं पटाशी उचलून त्याच्या हातात दिली.

"करा," ती म्हणाली.

पहिल्या टोल्याला लाकूड जरा जास्तच निघालं. दुसरा टोला हलका बसला. मग लेक बोट घालून बघायची, "अजून थोडं," म्हणायची, तो एक पापुद्रा काढायचा. "वरच्या बाजूला घडी असते. हां. खाली गोल. बास. बास, बाबा." चाळीस वर्षांत कुणी त्याला हात धरून काम शिकवलं नव्हतं. शेवटी तिनं पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि ती स्वतःच आतून कडा मऊ करत बसली, वॉर्डात बाळाची बेंबी पुसावी तशी.

मग फुंकर मारून तिनं भुसा उडवला.

दोघंही बघत राहिले. एवढीशी वाटी पडली होती पोटात, पण कोरक्याच्या अंगावर काटा आला. बाकावर आता देवाची मूर्ती नव्हती. कुणीतरी आडवं पडलं होतं. कुणाचं तरी मूल होतं ते, वाढलेलं, मार खाल्लेलं, मेलेलं. या हातांनी आपण आजवर असं कुणाला खिळे ठोकत आलो, या विचारानं त्याला एकदम भीती वाटली आणि तो दोन पावलं मागं सरला.

लेक मात्र जवळ सरकली. तिनं आपला तळहात त्या पोटावर सपाट ठेवला.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर जा."

"का गं?"

"मला याच्याशी भांडायचंय."

दुसऱ्या कुठल्या दिवशी कोरक्या म्हणाला असता, देवाशी असं बोलू नये. आज तो मुकाट्यानं बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसला. पायातली जखम ठणकत होती. आत आधी काहीच ऐकू येईना. मग लेकीचा आवाज आला, हळू, मग मोठा, मग इतका मोठा की समोरच्या दुकानदारानं मान बाहेर काढली.

"तुझ्या आईला तेहतीस वर्षं मिळालास रे तू! तेहतीस! तिनं तुझी बेंबी बघितली, तुझे दात बघितले, तुला चालताना बघितलं! मला चारच दिवस? बोल ना! मला चारच का?"

कोरक्यानं दाराला पाठ टेकली. आत काहीतरी आपटलं, बहुधा स्टूल. मग रडणं आलं. सात महिन्यांचं, पोटातून येणारं. तेव्हा ती रडली नव्हती, कुणासमोरच नाही.

गल्लीच्या तोंडाशी पांढरा झगा दिसला. फादर ठरल्याप्रमाणे आले होते. आतला आवाज ऐकून ते घाबरे झाले आणि भरभर चालत पायरीशी पोचले.

"काय झालं काका? आत कोण आहे? सरका, मला बघू द्या."

कोरक्या उठला नाही. त्यानं दुखरा पाय लांब करून दार अडवलं.

"थांबा फादर," तो म्हणाला. "आत दोघांचं बोलणं चाललंय."